बांधावरचा आहेर

जालन्यात कुणालाही काहीही विचारावं, लोखंडाबद्दल विचारू नये. आमच्याकडे लोहखनिजाची खाण नाही, कोळसा नाही, बंदर तर स्वप्नातही नाही. तरी औद्योगिक वसाहतीत रात्रंदिवस भट्ट्या पेटलेल्या असतात. कुठकुठलं भंगार येऊन वितळतं आणि सळई होऊन निघून जातं. या हवेत वाढलेल्या प्रत्येकाला, कटिंगच्या दुकानातल्या पोरापासून वकिलापर्यंत, सळईचा आजचा भाव, उद्याचा भाव आणि ‘कालच घ्यायला पाहिजे होती’ हे तिन्ही तोंडपाठ असतं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालो, बदनापूर तालुक्यातल्या वडिलोपार्जित दीड एकरात मोसंबी लावली आणि भोवती कुंपण कशाचं करावं एवढंच चारचौघांत विचारलं. त्यानंतर घरात चहापत्ती टिकेना.

मोसंबीला मात्र कुणी हरकत घेतली नाही. जालन्याच्या मोसंबीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालंय, तो अभिमान आहेच. पण त्याच्याही आधी, 2012-13 च्या दुष्काळात, याच जिल्ह्यातल्या लोकांनी टँकरच्या पाण्यावर झाडं जगवून पाहिली, नाही जगली तेव्हा बागाच्या बागा तोडून सरपणाला घातल्या आणि पाऊस पडल्यावर पुन्हा मोसंबीच लावली. अशा माणसांना ‘मोसंबी कशाला?’ हा प्रश्न सुचत नाही. कुंपणाची गोष्ट वेगळी. तिथे कुणाचं नुकसान झालेलं नसतं, त्यामुळे मतं भरपूर असतात.

पहिले आले साडू. त्यांचं लोखंडी मालाचं दुकान आहे, म्हणजे ते सल्ला देत नाहीत, कोटेशन देतात. लग्नपत्रिकेच्या पाठीवर त्यांनी चौकोन काढला. “पस्तीस-पाचचा अँगल, दर दहा फुटाला एक. बारा गेजची काटेरी तार, पाच पदर. कोपऱ्याला तिरपे टेकू, बूड काँक्रीटमध्ये. विषय संपला.”

दीड एकराचा घेर हजार-साडेदहाशे फूट भरतो. साडूंनी खाली बेरीज मांडली तेव्हा विषय खरोखरच संपला. त्या आकड्यात आमच्या मुलाच्या लग्नाची निम्मी पंगत उठली होती.

“शिवाय तार चोरीला जाते म्हणतात,” मी म्हणालो.

“जाते ना. रात्री कापली की सकाळी भंगारवाल्याकडे.”

“आणि तिथून?”

“भट्टीत. मग सळई होऊन आमच्याकडे.”

“म्हणजे तुम्ही मला माझीच तार पुन्हा विकणार.”

“भाव तेव्हाचा लागेल,” साडू म्हणाले. माणूस व्यवहाराला स्वच्छ.

तशी काटेरी तारेबद्दल माझ्या मनात अढी नाही. अमेरिकेत इलिनॉय राज्यात जोसेफ ग्लिडन नावाचा एक शेतकरी होता. त्यानं 1874 साली तिचं पेटंट घेतलं. तारेचे काटे वळायला त्यानं घरातलं कॉफी दळायचं यंत्र वापरलं, असं सांगतात. त्याच्या बायकोचं त्यावर काय म्हणणं पडलं, हे इतिहासकारांनी नोंदवलेलं नाही. पण ग्लिडनचं सगळं गणित गायी-बैलांवर बसवलेलं. गाय सज्जन. ती तारेला एकदा लागली की जन्मभर लक्षात ठेवते. आमच्या शिवारात वहिवाट आहे ती रोह्याची आणि रानडुकराची. रोही घोड्याएवढा, उभ्या उभ्या तारेच्या पलीकडची कोवळी फूट खातो आणि मनात आलं तर वरून जातो. डुक्कर खालून जातं. तार बिचारी मधे ताठ उभी राहते आणि शेताच्या मालकाचा सदरा फाडते.

दुसरे आले अण्णा. अण्णा आमचे बांधाशेजारी. बांध म्हणजे काय हे शहरातल्या माणसाला सांगून कळणार नाही. माझ्या लहानपणी आमच्या दोघांमधला बांध इतका रुंद होता की त्यावरून बैलगाडी जायची. पुढे त्यावरून सायकल जायला लागली, मग माणूस, आणि आता मुंगीसुद्धा दोन्हीकडे बघून जाते. दर उन्हाळ्यात नांगरटीला अण्णांचा ट्रॅक्टर बांधाजवळ आला की ड्रायव्हरचं लक्ष नेमकं दुसरीकडे जातं. वर्षाला चार बोटं. तक्रार करावी इतकं नाही आणि विसरावं इतकंही नाही. मोजणी आणावी तर अण्णा मोजणीवाल्यांना स्वतःच्या घरून चहा पाजतात.

“गुरुजी, सिमेंटचे खांब कामून रोवता?” अण्णा म्हणाले. “सिमेंटनं जमीन नासती. आपल्या बापजाद्यानं काय सिमेंट वापरलं व्हतं? बाभळीच्या काट्या लावा, बोराट्या लावा. चांगली कुपाटी घाला. फुकटात काम.”

अण्णांना जमिनीच्या आरोग्याची एवढी काळजी आहे हे पाहून मला गहिवरून आलं. मग रात्री अंथरुणावर पडल्यावर उलगडा झाला. काँक्रीटमध्ये रोवलेला अँगल हलवायला दोन माणसं, सब्बल आणि दिवसाचा उजेड लागतो. काट्याची कुपाटी एकटा माणूस अंधारात वीतभर सरकवू शकतो, आणि सकाळी वारा सुटला होता म्हणू शकतो. तेव्हापासून कुणी एखादा माल सुचवला की मी मालाकडे बघतच नाही; सुचवणारा कुणाला आत येऊ देणार आहे, एवढंच बघतो.

काट्याच्या कुंपणाला तसा मोठा इतिहास आहे. इंग्रजांनी मिठावरचा कर बुडू नये म्हणून देशाच्या मधोमध जकातीची रेषा आखली होती आणि तिच्यावर मैलोगणती काटेरी कुंपण घातलं होतं. बाभूळ, बोर, करवंद, निवडुंग, जे जिथे रुजेल ते. हे कुंपण सिंधूपासून निघून खाली बऱ्हाणपूरपर्यंत आलं होतं, म्हणजे आमच्यापासून अजिंठ्याचा डोंगर ओलांडला की पुढे फार लांब नाही. त्या खात्याचे काही वर्षं आयुक्त होते ॲलन ह्यूम. पुढे 1885 साली काँग्रेस काढणारे तेच. ह्यूमसाहेबांनी हिशेब केला होता की वाळक्या काट्यांच्या कुंपणाला मैलाला अडीचशे टन काटे लागतात. आणि एवढं करून वाळवी, उंदीर, वणवा, वादळ यांपैकी कोणी ना कोणी ते खाऊन टाकायचं. म्हणून साहेबांनी जिवंत कुंपणाचा आग्रह धरला. दहा-बारा हजार माणसं राखणीला होती, तरी मिठाची पोती कुंपणावरून पलीकडे पडतच होती. शेवटी 1879 मध्ये सरकारनं नाद सोडला. साम्राज्याला जे जमलं नाही ते अण्णा मला फुकटात करा म्हणत होते.

जिवंत कुंपणाचा पुरस्कार आमच्या घरातून झाला. बायको म्हणाली, “काट्या वाळतात, तार गंजते. झाडं लावा. मेंदी लावा, करवंद लावा, कडेनं केकताड लावा.” केकताड म्हणजे घायपात. कल्पना वाईट नव्हती. माझ्या आजोबांच्या वेळी आमच्या शेताला फड्या निवडुंगाचं कुंपण होतं. त्यातून साप जायला कचरायचा, असं आजोबा सांगत. पुढे निवडुंग फार माजला म्हणून 1926 च्या सुमारास दक्षिणेत त्याच्यावर कोचिनील जातीचा किडा सोडला गेला आणि ठिकठिकाणचा निवडुंग त्यानं चाटून पुसून खाल्ला. आमच्या कुंपणाचं पीठ झालं. आजोबांनी त्या किड्याला जन्मभर ‘सरकारी’ म्हटलं.

बायकोच्या योजनेत आणखी एक कलम होतं: कुंपणावर गुळवेल सोडायची. करोनाच्या साथीत आमच्या घरात गुळवेलीच्या काढ्याचं राज्य होतं आणि ते अजून पूर्णपणे उलथलेलं नाही. पण या कलमावर खुद्द कृषी सहायकांनी हरकत घेतली. मोसंबीवर संध्याकाळनंतर एक पतंग येतो, रस शोषणारा. फळाला सोंड खुपसतो, तिथे भोक पडतं, फळ सडून गळतं. हा पतंग मोसंबीचा असला तरी त्याची अळी मोसंबीवर वाढत नाही. ती वाढते गुळवेलीवर आणि वासनवेलीवर, म्हणजे नेमकी कुंपणावर. पोरं कुंपणावर लहानाची मोठी होतात आणि कमावती झाली की बागेत घुसतात. म्हणून बांधावरची गुळवेल काढून टाका, असं शास्त्र सांगतं. कुंपणच शेत खातं, ही म्हण मी तीस वर्षं मुलांना फळ्यावर लिहून दिली. तिचा प्रयोग सहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात हवा होता. बायकोनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, “काढा कडूच असतो.” याचा अर्थ मला अजून लागलेला नाही, पण गुळवेल मागच्या दारी कुंडीत गेली.

तिसरा सल्लागार पुतण्या. पुण्याला असतो, संगणकावर काम करतो आणि सुट्टीला आला की गावाची प्रगती करून जातो. त्याचं मत पडलं सौर झटका यंत्राचं. “काका, सूर्य फुकट आहे. तारेत क्षणभर झटका बसतो, जनावर मरत नाही, फक्त दचकतं. घाबरून परत येत नाही.” हे खरं आहे. सरळ विजेच्या खांबावरून तारेत करंट सोडणारे महाभाग वेगळे. तो गुन्हा आहे आणि त्यात डुक्कर राहतं बाजूला, पहाटे पाणी द्यायला गेलेला माणूस सापडतो, अशा बातम्या आपण वाचतोच. झटका यंत्र त्यातलं नव्हे. पुतण्यानं मला शेजारच्या गावातल्या एका बागेत नेऊन दाखवलं. पेटीतून टक्, टक्, टक् असा आवाज येत होता. मालक म्हणाला की यंत्र उत्तम आहे, फक्त पावसाळ्यात गवत वाढून तारेला लागलं की सगळा झटका गवतालाच बसतो, म्हणून दर आठ दिवसांनी हजार फूट गवत काढावं लागतं. शिवाय बॅटरी चोरीला जाऊ नये म्हणून रात्री इथेच झोपावं लागतं.

“मग डुकरं येत नाहीत?” मी विचारलं.

“मीच इथं झोपतो तर डुकरं कशाला येतील?” मालक म्हणाला.

आमचा गडी हे सगळं बिडी ओढत ऐकत होता. तो कधी न विचारता बोलत नाही. पण चहाचा खर्च त्यालाही दिसत असावा. एक दिवस म्हणाला, “गुरुजी, साड्या बांधा. समद्या शिवारात साड्याच हायत.”

आणि होत्याच. रोज त्याच रस्त्यानं जाऊन माझ्या डोळ्यांत त्या आल्या नव्हत्या. हरभऱ्याला साड्या, मक्याला साड्या, टरबुजाला साड्या. पोलाद पिकवणाऱ्या जिल्ह्यात शेतं मात्र नायलॉनच्या पदराआड उभी. बाजारात जुन्या साड्या किलोवर मिळतात, खास याच कामासाठी. कारणं ज्याची त्याची वेगळी. कोणी म्हणतं साडीला माणसाचा वास असतो; कोणी म्हणतं वाऱ्यानं फडफडली की डुक्कर बिचकतं; आमचा गडी म्हणतो, पलीकडं काय हाय ते दिसत न्हाई, मंग डुक्कर इचार करतं, आन् इचार करणारं डुक्कर आत येत न्हाई. या शेवटच्या वाक्यात मला तथ्य वाटलं. साडीचा पन्हा पावणेचार फूट, लांबी साडेपाच मीटर, म्हणजे अठरा फूट. हजार-साडेदहाशे फुटांना साठ साड्या.

“किलोवर कशाला आणायच्या?” बायको म्हणाली आणि कपाट उघडलं.

इथे आहेराच्या साड्यांबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. मराठवाड्यातल्या प्रत्येक घरात दोन प्रकारच्या साड्या असतात: नेसायच्या आणि फिरायच्या. फिरायची साडी कुणी नेसत नाही. ती एका लग्नात येते, कपाटात विसावा घेते आणि दुसऱ्या लग्नाला निघते. तिची घडी कुणी मोडत नाही, कारण मोडलेली घडी पुन्हा तशी बसत नाही आणि मग ती साडी नेसावी लागते. रंग बहुधा ज्याला नाव नाही असा. काठावर जर नसते, जरीची आठवण असते. ही वाहतूक सुरळीत चालावी म्हणून आमच्याकडे आहेराची वही आहे. दोनशे पानी, पुठ्ठ्याची, बायकोच्या अक्षरात. रकाने चार: कोणी दिली, कशात दिली, रंग, आणि शेवटी ‘दे’ किंवा ‘ठेव’. जिची साडी तिलाच परत जाऊ नये, यासाठी हा सगळा बंदोबस्त. तरीही एकदा पाहुण्यांकडून आलेल्या साडीच्या घडीत बायकोच्याच हस्ताक्षरातली चिठ्ठी निघाली होती. सारा जिल्हा फिरून ती माहेरी आली होती. बायकोनं तिला ‘ठेव’ लिहिलं.

कपाट, दिवाण आणि माळ्यावरची पेटी मिळून साठ साड्या भरल्या, वर चार उरल्या. गड्यानं सब्बलनं खड्डे घेतले, बांबू आणि बाभळीच्या मेढी रोवल्या आणि सुतळीनं साड्या ताणून बांधल्या. काहींच्या काठाला दुकानाची चिठ्ठी तशीच होती. एकीवर किंमत खोडलेली, पण उन्हात धरली की वाचता येत होती. बायकोनं ती वाचली आणि वहीत त्या नावापुढे एक बारीक फुली केली. संध्याकाळपर्यंत बाग अशी सजली की रस्त्यानं जाणाऱ्या एका टमटमवाल्यानं थांबून मंडप कुणाचा म्हणून विचारलं.

त्या हंगामात डुकरं आली नाहीत. साड्यांमुळे, की पलीकडे कुणाचा तरी मका उभा होता म्हणून, हे मी छातीठोक सांगणार नाही. रोही एकदा आला, बाहेरून सगळ्या साड्या बघत गेला आणि काही न घेता परतला. पतंगाचं काही बोलू नका. तो वरून आला.

खरी हजेरी लागली ती हुरड्याला. डिसेंबर-जानेवारीत ज्वारी दुधात आली की आमच्याकडे नातेवाइकांना शेतात बोलावण्याची पद्धत आहे. आगटी पेटली, कणसं भाजली, चटणी-दह्याचे वाडगे फिरले. पुरुषमंडळी हुरड्यावर आणि आत्याबाई उठून कुंपणावर. त्यांचं वय ऐंशीच्या पुढे, नजर तिशीची. हात मागे बांधून त्या एकेक साडी बघत चालल्या होत्या. नाल्याच्या कोपऱ्यावर थांबल्या.

“ही मी दिली होती. वास्तुशांतीला.”

हुरडा खाणाऱ्यांचे हात जागच्या जागी थांबले. मी बायकोकडे पाहिलं. बायको चटणीकडे पाहत होती.

“होय हो आत्याबाई,” मी म्हणालो, “आता जीर्ण...”

“जीर्ण कशी होईल? घडीच्या रेघा दिसतायत की.” त्यांनी काठ बोटांत धरून चोळला. “बांधली त्याचं काही नाही रे. बांधायच्याच असतात त्या. मलाही कुणीतरी दिलेलीच. पण मी घरातली मोठी. माझी साडी नाल्याच्या अंगाला आणि धाकटीची रस्त्यावर?”

धाकट्या आत्याची साडी खरोखरच फाटकाशेजारी होती. धाकट्या आत्या लगेच कणसात गढून गेल्या. मग एकेक जण उठलं. कुणाची साडी विहिरीकडे, कुणाची उकिरड्याकडे, व्याह्यांची खाली आणि व्याह्यांच्या पाहुण्यांची वर. साडू सगळ्यांत मागे उभे राहून म्हणाले, “तरी मी अँगल सांगत होतो.”

दुसऱ्या दिवसापासून बायकोनं वही शेतात आणली आणि कुंपण नव्यानं लावून घेतलं. रस्त्याच्या अंगाला माहेर आणि सासर समसमान, वडीलधाऱ्यांच्या साड्या फाटकाच्या दोन्ही बाजूंना, व्याही पूर्वेला. नाल्याकडे कुणाला पाठवायचं हा पेच होता, तो ज्यांच्या नावापुढे फुल्या होत्या त्यांनी सुटला. अण्णांच्या बांधाकडे ती मुद्दाम शेवटी वळली. वहीत पाहिलं. आमच्या मुलाच्या लग्नात अण्णांच्या घरच्या वहिनींनी एक साडी दिली होती, गर्द मोरपंखी, चांगल्यातली. शेऱ्याच्या रकान्यात ‘ठेव’ होतं. तरीही बायकोनं ती घरून आणवली आणि बांधाच्या अगदी मधोमध, सर्वांना दिसेल अशी, स्वतःच्या हातानं ताणून बांधली.

उन्हाळ्यात नांगरटी लागली. अण्णांचा ट्रॅक्टर आला, तास धरत बांधाजवळ आला, आणि हातभर अलीकडेच वळला. पुन्हा आला, पुन्हा वळला. वहिनी जेवण घेऊन शेतात आल्या होत्या आणि धुऱ्यावरच्या लिंबाखाली बसून त्या मोरपंखी साडीकडे एकटक बघत होत्या. ड्रायव्हरचं लक्ष त्या दिवशी कुठेही गेलं नाही.

संध्याकाळी अण्णा घरी आले. चहा झाला. पावसाचं बोलणं झालं, मोसंबीच्या भावाचं झालं. उठता उठता म्हणाले, “गुरुजी, ती हिरवी साडी तेवढी काढता का? दुसरी कोन्तीबी बांधा. घरात लई बोलणं खावं लागतंय.”

मी काही म्हणायच्या आत बायको आतून वही घेऊन आली, पान उघडलं, बोट फिरवलं आणि म्हणाली, “अण्णा, जागा मानाची आहे. ती कशी हलवता येईल?”